कावेरी सुलाखेची सही

कॉटनपेटेतल्या रंगाऱ्यांच्या गल्लीत पिराजी सुलाख्यांचं घर होतं. पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात तांब्याच्या दोन काहिली आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या रेशमाच्या लडी. सुलाख्यांचे पूर्वज पाचसहा पिढ्यांमागे मराठी मुलखातून बेंगळूरला आले म्हणत, पण नेमक्या कुठल्या गावाहून, हे आता घरात कुणालाच सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि घरातल्या मराठीतही ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ हे शब्द इतके मिसळलेले की ते परके आहेत हे शेंडेफळ कावेरीला शाळेत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

चिक्कपेटेतले व्यापारी लुगड्याचा एखादा चिंधीएवढा तुकडा आणून पिराजींच्या हातात देत आणि म्हणत, याच रंगाची लडी हवी. पिराजी तुकडा उन्हात धरत, सावलीत धरत, आणि काहिलीत किती चिमूट काय टाकायचं ते ठरवत. तो डोळा त्यांच्या मुलीत उतरला होता. दहा वर्षांची कावेरी दोन लडी पाहून सांगायची, “अप्पा, ही कालची, ही परवाची.” मोठा भाऊ नागनाथ याला मात्र शेंदरी आणि केशरी यांतला फरक कधी कळला नाही. तो कापडदुकानात हिशेबनीस झाला.

पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कावेरीने पहिल्यांदा टायट्रेशन केलं. फ्लास्कमध्ये आम्ल, वर ब्युरेटमध्ये अल्कली, थेंब थेंब सोडायचं आणि रंग पालटला की त्या क्षणी तोटी बंद करायची. वर्गातल्या पोरींचे फ्लास्क जांभळट गुलाबी झाले होते. भीमाचार्य सर टेबलांवरून फिरत आले आणि कावेरीचा फ्लास्क उचलून खिडकीशी गेले. त्यात गुलाबी आहे की नाही अशी शंका यावी इतका पुसट रंग होता.

“कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही सर. आम्ही रंगारी.”

सर हसले. भीमाचार्य तसे कडक गृहस्थ. कपाळावर अंगारा-अक्षत, पायात चामड्याच्या जुन्या चपला, आणि वर्गात हसण्याची फारशी सवय नाही. पण त्या दिवसापासून ते कावेरीला नावाने हाक मारू लागले.

एकोणनव्वद साली पीयूसीचा निकाल लागला, तेव्हा तिला इंजिनियरिंगची सीट मिळाली, पण गुलबर्ग्याला. नागनाथ म्हणाला, “एवढ्या लांब एकटी पोरगी? वर हॉस्टेल?” बी. फार्मसीची चौकशी केली, तर खाजगी कॉलेजवाले देणगीचं बोलायला लागले. शेवटी पिराजी एके दिवशी रंगलेले हात धोतराला पुसत पुसत भीमाचार्यांना भेटायला कॉलेजात गेले. कावेरी दाराशी उभी होती.

“बी.एस्सी. करून पुढं काय होतं सर? केमिस्ट्री घेऊन?”

“पुष्कळ होतं,” सर म्हणाले. “एम.एस्सी. केली तर संशोधन आहे, कॉलेजात शिकवणं आहे. बी.एड. केलं तर हायस्कूल आहे. औषधाचे कारखाने आहेत, साबणाचे, रंगाचे आहेत. पाणीखात्याला केमिस्ट लागतात, फॉरेन्सिकला लागतात. ज्या देशात माणसं जेवतात आणि औषध खातात, तिथे केमिस्ट उपाशी राहत नाही.”

“आणि ह्या कंप्यूटरचं काय म्हणतात सगळे?”

“लाट आहे. ओसरेल.”

सर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

कावेरीची बी.एस्सी.ची तीन वर्षं मात्र सुखात गेली. फिजिक्स आणि गणित तिने कर्तव्य म्हणून केलं, केमिस्ट्री जीव लावून. प्रयोगशाळेतली हवा घशाला लागायची, ओढणीला आम्लाची बारीक भोकं पडायची, आणि तिला तिथून घरी जाववत नसे. एखाद्या गोष्टीत काय आहे आणि किती आहे, हे माणसाला मोजून सांगता येतं, आणि ते कुणाच्या मर्जीवर नसतं, याचं तिला भारी अप्रूप होतं. घरात सगळं मर्जीवर चाले. व्यापाऱ्याच्या, अण्णाच्या म्हणजे नागनाथच्या, नशिबाच्या.

ब्याण्णव साली ती पहिल्या वर्गात पास झाली. एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं नाही. प्रतीक्षायादीत तिसरं लागलं. जुलैत वरच्या दोघांना जागा मिळाल्या. ऑगस्टभर ती दर दोन दिवसांनी युनिव्हर्सिटीतल्या फलकासमोर जाऊन उभी राही. यादी पुढे सरकली नाही. भीमाचार्य म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर.” नागनाथ म्हणाला, “पुढच्या वर्षी लग्नाचं बघू.” त्या दोन पुढच्या वर्षांच्या मध्ये तिला वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिसली. आनेकल रस्त्यावरच्या एका औषधाच्या कारखान्याला बी.एस्सी. केमिस्ट हवी होती. अनुभव नसला तरी चालेल.

कारखाना शिवकुमार नावाच्या माणसाचा होता. पत्र्याचं छप्पर, आत गोळ्या दाबणारी तीन यंत्रं, साठेक माणसं. त्यांतल्या निम्म्या बायका आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या. इथे मुख्यतः सरकारी पुरवठ्याचा माल होई, आणि त्यातही रक्तवाढीच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यांतून गर्भार बायांना फुकट वाटतात त्या. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. पण शिवकुमारांनी पहिल्याच दिवशी तिच्यासाठी नवी खुर्ची आणि नवं ब्युरेट मागवलं.

“बैस अम्मा,” ते कानडीत म्हणाले. “ही खोली तुझी. इथे मीसुद्धा विचारून आत येईन.”

ते शब्दाला जागले, तसे ते वाईट नव्हतेच. पिराजींना कावीळ झाली तेव्हा त्यांनी आपली गाडी पाठवली होती. गौरीच्या सणाला कामगार बायकांना लुगडी देत. कावेरी रोज सकाळी मार्केटहून आनेकलची बस धरी, होसूर रस्त्याने जाताना डावी-उजवीकडे इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती एकेक मजल्याने वाढताना पाही, आणि आपला डबा आणि पांढरा कोट घेऊन पुढे जाई.

औषधाच्या कारखान्यात नुसता केमिस्ट असून भागत नाही. तपासणीच्या कागदावर ज्याची सही चालते, तो सरकारच्या औषध-नियंत्रण खात्याने मान्यता दिलेला केमिस्ट लागतो. त्यासाठी अनुभव लागतो, आणि अनुभवाचा दाखला मालकाने द्यावा लागतो. तोवर कावेरी काम करी आणि सही एक म्हातारा केमिस्ट करी, जो महिन्यातून दोनदा येऊन गठ्ठ्याने सह्या करून, कॉफी पिऊन जाई.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात गोदामाचं छप्पर गळलं. रक्तवाढीच्या गोळ्यांचे डबे ओलीत राहिले. गोळ्यांवरचं साखरेचं कवच बारीक तडकलं आणि दमटपणा आत शिरला. कावेरीने नमुना कुटला, विरघळवला, रंग दाखवणारा दर्शक दोन थेंब घातला. द्रावण शेंदरी लाल झालं. वरून थेंब थेंब सोडत ती निळसर छटेची वाट पाहू लागली, आणि ती छटा फार लवकर आली. तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. गोळीत जेवढं लोह असायला हवं, त्याच्या चौऱ्याऐंशी टक्केच कामाचं लोह निघत होतं; नियमाने पंच्याण्णवच्या खाली चालत नाही. बाकीचं गंजून गेलं होतं.

ती कागद घेऊन शिवकुमारांच्या खोलीत गेली. त्यांनी कागद वाचून टेबलावर ठेवला.

“लोह गेलं कुठे मग? गोळीतच आहे ना?”

“आहे सर, पण ते आता अंगी लागणारं लोह नाही. गंज खाल्ल्यासारखं आहे.”

“विष आहे का?”

“विष नाही.”

“कुणी मरेल?”

“नाही सर. मरणार नाही कुणी.”

“हे बघ अम्मा. ही बॅच परत गेली तर ऑर्डर जाते. ऑर्डर गेली तर पुढच्या महिन्यापासून ह्या बायकांना मी काय सांगू? छप्पर मी नवं घालतो. उद्याच घालतो. पुढच्या बॅचपासून असं होणार नाही. ही एक तेवढी.”

टेबलावर, कागददाबाखाली, तिच्या अनुभवाचा दाखला टाइप करून ठेवलेला होता. खाली सहीची जागा कोरी. शिवकुमारांनी त्याचा उल्लेखही केला नाही. ते तिथून उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत राहिले, इतकंच.

कावेरी आपल्या खोलीत परत आली. रजिस्टरमध्ये तिने अजून काही लिहिलं नव्हतं. आकडे एका सुट्या चिठोऱ्यावर होते. तिने पेन उघडलं आणि रजिस्टरमध्ये शहाण्णव पूर्णांक दोन लिहिलं. मग चिठोरं चुरगळून सिंकमध्ये टाकलं आणि तोटी सोडली. कागद लगेच गेला नाही. जाळीवर अडकून राहिला, तो तिला काडीने ढोसावा लागला.

छप्पर खरोखर दुसऱ्या आठवड्यात नवं झालं. दाखल्यावर सही झाली. खात्यात मुलाखत झाली, तिथे तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चोख दिलं, आणि दोन महिन्यांनी मान्यतेचं पत्र आलं. अव्वाने, म्हणजे तिच्या आईने, कृष्णाबाईंनी, ते पत्र देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. गल्लीत पेढे वाटले. पिराजी येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला सांगत, “आता माझ्या पोरीची सही असल्याशिवाय औषध बाहेर पडत नाही.”

पुढच्या वर्षी दोनदा, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोनदा तसं झालं. एकदा कच्चा मालच हलका आला होता, एकदा यंत्र बिघडलं होतं. कारण दर वेळी वेगळं असे आणि ‘ही एक तेवढी’ हे शब्द तेच. आता शिवकुमारांना फार बोलावंही लागत नसे. कावेरी तरी प्रत्येक वेळी टायट्रेशन तीनदा करी. करायची काही गरज नव्हती. आकडा कुठला लिहायचा ते ठरलेलंच होतं. पण न मोजता तिला राहवत नसे. खरा आकडा ती कुठेही लिहून ठेवत नसे, आणि विसरू म्हटलं तरी विसरत नसे.

नागनाथची बायको कौशल्या तेव्हा गरोदर होती. एका दुपारी ती कॉर्पोरेशनच्या प्रसूतिगृहातून परतली ती हसतच. कागदाची पुडी कावेरीसमोर धरून म्हणाली, “ओळख बघू कुठल्या? तुझ्याच कारखान्याच्या! मी तिथल्या नर्सबाईला सांगितलं, माझ्या नणंदेची सही असते यावर म्हणून. रांगेतल्या सगळ्या बायका बघायला लागल्या माझ्याकडे.”

कावेरीने पुडी हातात घेतली. नर्सने बॅचचा नंबर पेनने लिहिला होता. चांगली बॅच होती. त्या गोळ्यांत काही खोट नव्हती, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने एक गोळी नखाने फोडली आणि आतला रंग पाहिला. मग पुडी बंद केली.

“ह्या राहू देत वैनी. मी दुकानातून चांगल्या आणते तुला.”

“का ग? ह्या चांगल्या नाहीत?”

“चांगल्या आहेत. पण तुझं पोट मळमळतं ना, त्याला त्या दुसऱ्या बऱ्या.”

कौशल्येला नणंदेचं प्रेम वाटलं. तिने तसं चारजणींना सांगितलं. कावेरीला रांगेतल्या बाकीच्या बायका डोळ्यांपुढे दिसत राहिल्या; त्यांची तोंडं तिने पाहिलेली नव्हती, म्हणून कारखान्यातल्या बायकांचीच तोंडं त्यांना लागत.

सत्त्याण्णव साली तुमकूरकडच्या कुठल्याशा दवाखान्याच्या कोठारातून एका निरीक्षकाने नमुना उचलला. तो सरकारी प्रयोगशाळेत नापास झाला. नोटीस आली, त्यामागून चौकशी आली. शिवकुमारांनी वकील केला. वकिलाने कावेरीला बसवून समजावलं: माल बाहेर पडला तेव्हा ठीक होता, दवाखान्याने तो नीट ठेवला नाही, असं म्हणायचं. रजिस्टर त्याला साक्ष आहे. तिच्याही हिताचं तेच आहे.

खात्याच्या कचेरीत टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लोंबत असलेल्या. त्यांनी रजिस्टर कावेरीपुढे सरकवलं.

“हे अक्षर तुमचं?”

“हो मॅडम.”

“सही?”

“माझी.”

“हा आकडा तुम्ही स्वतः काढलात?”

कावेरीच्या शेजारी वकिलाने घसा खाकरला. तिने रजिस्टरातल्या त्या आकड्याकडे पाहिलं. तिचंच वळणदार अक्षर होतं, कुठे खाडाखोड नाही.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “मी काढलेला आकडा अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार होता.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “लिहिलेला आहे कुठे?”

“नाही. पण मला पाठ आहे. अशा पाच बॅच आहेत.” आणि तिने पाचही सांगितल्या. बॅचचा नंबर, महिना, खरा आकडा, लिहिलेला आकडा. बाई लिहीत गेल्या. दुसऱ्या बॅचनंतर वकील उठून बाहेर गेला.

लिहिणं संपल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. “तेव्हाच का नाही बोललात?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. कावेरीने रजिस्टर मिटून त्यांच्याकडे सरकवलं.

निकाल यायला चार महिने लागले. कारखान्याचा परवाना तीन महिन्यांसाठी थांबवण्यात आला. कावेरीची मान्यता कायमची रद्द झाली. शिवकुमारांनी लेखी दिलं होतं की केमिस्टने आपल्याला अंधारात ठेवलं, आणि कागदोपत्री तसंच दिसत होतं. कागदावर त्यांची सही कुठेच नव्हती.

राहिलेला हिशेब आणायला ती शेवटची आनेकलला गेली. परतीच्या बसमध्ये रत्नम्मा भेटली. ती गोळ्या पाकिटात भरणाऱ्या बायकांपैकी एक होती. तिने कावेरीला पाच वर्षं शेंगा आणि बोरं आणून खिलवली होती. कारखाना बंद झाल्यापासून ती गवंड्याच्या हाताखाली विटा वाहत होती. ती कावेरीच्या शेजारी बसली नाही. पुढे उभी राहून, सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलली.

“माझी सून पाच महिन्यांची पोटुशी असताना ह्याच गोळ्या खात होती. तेव्हा तू गप्प. आणि बोललीस ती आमची चूल विझवायला बोललीस. बोलायचं होतं तर आधी बोलायचं. नाहीतर बोलायचंच नव्हतं, अम्मा.”

कावेरी चंदापुराला उतरली. तिचं उतरायचं ठिकाण ते नव्हतं. पुढची बस येईपर्यंत ती रस्त्याच्या कडेला, लॉरींच्या धुळीत उभी राहिली.

घरी नागनाथ आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. जमत आलेलं एक स्थळ होतं, हुबळीचं. त्यांच्याकडून उत्तर येणं बंद झालं. कृष्णाबाईंनी मान्यतेचं पत्र देवघरातून काढून कुठे ठेवलं ते कुणी विचारलं नाही. पिराजींना सगळी हकीकत कळायला वेळ लागला. कावेरीने ती त्यांना अंगणात, लडी पिळता पिळता सांगितली. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “डोळ्याला दिसत होतं तुला? रंग बदललेला?”

“दिसत होतं अप्पा.”

“हं,” ते म्हणाले, आणि पुढची लडी पाण्यात बुडवली. त्यानंतर व्यापाऱ्यांपुढे त्यांनी पोरीचं नाव काढणं बंद केलं.

ती भीमाचार्यांनाही भेटायला गेली. सर निवृत्त होऊन बसवनगुडीत मुलाकडे राहत होते. कॉलेजात त्या वर्षी केमिस्ट्रीच्या विषयगटाला अकराच मुलं आली होती, असं त्यांनीच सांगितलं. प्रयोगशाळेच्या अर्ध्या भागात भिंत घालून कंप्यूटर बसवले होते. कावेरीची गोष्ट त्यांनी मान खाली घालून ऐकली.

“तुझ्या वडलांना मी काय सांगितलं होतं ते मला आठवतं,” ते म्हणाले. “केमिस्ट उपाशी राहत नाही म्हणालो होतो. हे सांगायचं राहिलं, की पोट भरायला त्याला काय काय करायला सांगतील.” मग म्हणाले, “मलाही ठाऊक नव्हतं ग. मी कधी कॉलेजच्या बाहेर कामच केलं नाही.”

सरांच्या सुनेने कॉफी आणून ठेवली. ती पिऊन कावेरी उठली.

वर्षभर तिने हातपाय मारले. शाळेसाठी बी.एड. हवं होतं. इतर कारखाने पहिला प्रश्न मान्यतेचा विचारत. अखेर नव्व्याण्णव साली जयनगरमधल्या एका कंपनीने तिला घेतलं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवत, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. बी.एस्सी.वाल्यांना प्राधान्य होतं, कारण त्यांना शास्त्राचे शब्द कळतात. चाळीस मुलंमुली रांगेत बसत. तिच्याहून सगळी सातआठ वर्षांनी लहान. पगार कारखान्याच्या दीडपट होता. कावेरी चुका फार कमी करी. आकडा आला की ती टेप मागे घेऊन पुन्हा ऐके, कधी तिसऱ्यांदाही ऐके, आणि म्हणून तिच्या पानांची संख्या नेहमी कमी भरे. सुपरवायझर त्यावरून बोले. ती “सरी” म्हणे आणि तसंच करत राही.

त्या उन्हाळ्यात शेजारची बाई आपल्या श्वेताला घेऊन आली. श्वेता पीयूसीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती.

“कावेरी, तू शिकलेली आहेस. सांग बाई हिला. ही म्हणते केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करते. मी म्हणते कंप्यूटरचं कर.”

“तुला काय आवडतं ग?” कावेरीने पोरीला विचारलं.

“केमिस्ट्री,” श्वेता म्हणाली. तिच्या ओढणीवर प्रयोगशाळेतल्या सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते. कितीही धुतले तरी न जाणारे.

कावेरीला बोलायचं पुष्कळ होतं. फ्लास्कमध्ये रंग पालटतो तो क्षण कसा असतो ते सांगायचं होतं. मग पुढचंही सांगावं लागलं असतं. पोर तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

“आईचं ऐक,” कावेरी म्हणाली. “कंप्यूटरला मागणी आहे.”

शेजारीण खुशीत उठली. श्वेता दाराबाहेर जाऊन चपला घालू लागली. कावेरीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. आतून कृष्णाबाईंनी, कोण आलं होतं म्हणून, दोनदा विचारलं.